ओटावाच्या थंडीत लेकीची दोन सफरचंदं मेली. दोष कलमाचा की आणखी कशाचा?

कुळागरकार_सावईवेरे

नमस्कार मंडळी. झाडं गोव्यातली नाहीत, पण विचारणारा गोव्यातला आहे, आणि कलमांवर वाद घालायला आपल्या लोकांइतका हुरूप दुसरीकडे कुठे दिसत नाही. म्हणून इथेच लिहितो.

माझं सावईवेऱ्याला कुळागर आहे. पोफळी, माड, जायफळ, मिरी, केळी, आणि वर मोरडावर, म्हणजे डोंगरउतारावर, आंबे नि काजू. कलमं मी स्वतः बांधतो. वडील भेट कलम करायचे, आंब्याच्या फांदीपाशी माच बांधून त्यावर खुंटरोपांची मडकी ठेवायचे. मी कोय कलम आणि मृदुकाष्ठ कलमावर आलो. थंडीशी माझा संबंध म्हणाल तर मानकुरादाला मोहोर आणण्यापुरता, आणि पहाटे पाणी सोडायला उठलं की गुडघ्यांपुरता.

तर माझी मुलगी कॅनडात ओटावाला असते. थंडीत रात्री उणे २५ सहज, कधी उणे ३० पर्यंत. जावयाला बागेची हौस. त्याने दोन सफरचंदाची कलमं आणली. एक फुजी, परसात जमिनीत लावलं. दुसरं हनीक्रिस्प, ठेंगणं, चिठ्ठीवर खुंट (ज्याच्या मुळावर कलम बांधतात ते खालचं झाड) एम-९ असं लिहिलेलं. ते मोठ्या कुंडीत लावून गॅलरीत ठेवलं, कारण फुलं आली की खिडकीतून दिसावीत.

फुजीला उन्हाळाभर जोरदार फुटवा होता, जावयाने ऑगस्टात खतही दिलं. ऑक्टोबरात शेजाऱ्यांच्या झाडांची पानं पिवळी होऊन गळली, फुजीची मात्र हिरवीच राहिली. पहिला बर्फ पडला तरी ती झाडावरच होती आणि तिथेच वाळली. वसंतात वरचं सगळं काळं पडलेलं. साल नखाने खरवडली तर आत तपकिरी. पण जोडाच्या खालून दोन फुटवे आलेत, तजेलदार.

हनीक्रिस्पची गोष्ट उलटी. एप्रिलच्या शेवटी कळे फुगले, बारीक पानंही आली. मुलीने फोटो पाठवला, आम्ही इथे पेढे खाल्ले. मग दोन-तीन आठवड्यांत ती पानं मलूल झाली आणि झाड बसलं ते बसलंच. कुंडीतून उपसलं तर मुळं काळी, बोटाने साल निघून येते अशी.

शेजारी एक म्हातारे गृहस्थ आहेत, त्यांची बाग मोठी. ते म्हणतात, थंड मुलखात कलमी झाड घ्यायचंच नाही, स्वतःच्या मुळावरचं घ्या. त्यांची आंबट चेरी एका हिवाळ्यात जमिनीपर्यंत मेली आणि पुन्हा मुळापासून उगवून तीच चेरी द्यायला लागली.

आमच्याकडेही जुनी माणसं म्हणतात, बाठ्याचा आंबा चिवट, कलम नाजूक. पण थंडीच्या बाबतीत हे कितपत खरं? कलमाने झाडाची थंडी सोसायची ताकद कमी होते का? आणि ते खालचे दोन फुटवे ठेवायचे की उपटायचे? जावई हात धुऊन नवीन झाडं आणायच्या मागे लागलाय, त्याआधी त्याला काहीतरी सांगायला हवं.

---

म्हापशाचो_बाप्पा

काका, जावयाने तिकडे मानकुराद मागितला नाही हे नशीब समजा.

माझं मत सरळ आहे. कलम म्हणजे झाडाला केलेली जखम. जखम भरली तरी तिथे कच्चेपणा राहतोच, थंडी तिथूनच शिरणार. आमच्या आजोळी बाठ्यापासून झालेले आंबे तीन पिढ्या उभे आहेत, आणि बाजारातून आणलेली कलमं पन्नाशीही गाठत नाहीत. सफरचंदाची बी पेरायला सांगा जावयाला. वेळ लागेल, पण झाड तिथल्या मातीचं होईल.

---

बांदोड्याची_भाची

बाप्पांच्या आजोळचे आंबे शंभर वर्षं जगोत, पण त्यांनी दोन झाडांची सरमिसळ केली आहे, ती आधी सोडवते.

बी पेरून आलेलं झाड हे नवीनच झाड असतं. फळ आईसारखं येईल याची हमी नाही, आणि सफरचंदात तर ते आईसारखं येत नाहीच म्हणा. काकांच्या मुलीचा शेजारी ज्याला स्वतःच्या मुळावरचं म्हणतोय ते वेगळं: त्याच जातीच्या फांदीला मुळं आणून वाढवलेलं. आपण लिंबाला, जामाला गुटी बांधतो, अंजिराची काडी खोचतो, तसं. वर जी जात, खाली तीच जात. बी पेरलेलं झाडही स्वतःच्याच मुळावर असतं हे खरं, पण त्याचा आणि शेजाऱ्याच्या सल्ल्याचा संबंध नाही.

माझी ओळख एवढीच की मी दापोलीला शिकले आणि नंतर बरीच वर्षं हिमाचलात, सोलनच्या वरच्या अंगाला एका खाजगी रोपवाटिकेत सफरचंदाच्या कलमांत काढली. आता बांदोड्याला परत आले आहे आणि इथे सफरचंदाबद्दल कोणी विचारत नाही, त्यामुळे उत्तर लांबलं तर सोसा.

काका, तुमची दोन झाडं दोन वेगळ्या कारणांनी मेली आहेत. तुम्ही लक्षणं इतकी चोख लिहिलीत की समोर उभं राहून बघितल्यासारखं वाटलं.

फुजीचं वरचं लाकूड मेलं, मूळ जगलं. थंडी जोडातून शिरली असती तर जोडापाशी साल फुटलेली, काळी पडलेली आणि वरच्या शेंड्याला अजून थोडी धुगधुगी, असं काहीतरी दिसलं असतं. इथे शेंड्यापासून खालपर्यंत फुजी गेलं आणि फुजी जिथे संपतं तिथे मरण थांबलं. म्हणजे न सोसणारी जात फुजीच. ती जपानात आओमोरी प्रांतातल्या फुजिसाकीला तयार झाली, १९६२ मध्ये बाजारात आली. तिचं फळ पिकायला ऑक्टोबरअखेर उजाडते. ओटावात तोवर बर्फ पडू शकतो.

पानं हिरवी राहिली हे तुम्ही लिहिलंत ना, सगळं त्यात आहे. थंड मुलखातलं झाड एका रात्रीत थंडीला तयार होत नाही. ऑगस्टापासून दिवस लहान होऊ लागले की ते वाढ थांबवतं, पानांतलं सत्त्व मागे ओढून घेतं, पानं टाकतं. मग हलक्या हिवाच्या रात्री येतात आणि ते आणखी घट्ट होत जातं. सालीतल्या पेशी आपल्यातलं पाणी हळूहळू बाहेरच्या फटींत सोडतात आणि ते तिथे गोठतं. पेशीबाहेरचा बर्फ झाड पचवतं. पेशीच्या आत बर्फ झाला की ती पेशी संपली. आतल्या लाकडातलं काही पाणी तर काटक सफरचंदात उणे ४० च्या जवळपास जाईपर्यंत न गोठता राहतं. म्हणून जानेवारीत उणे ३० सहज सोसणारं झाड नोव्हेंबरच्या सुरुवातीला उणे १५ ने मरू शकतं. तुमच्या फुजीची झोपायची तयारीच झाली नव्हती. त्यात ऑगस्टातलं खत म्हणजे झोपायला निघालेल्याला कॉफी पाजण्यातला प्रकार. तिकडे जुलैनंतर नत्र देत नाहीत.

आता समजा हेच फुजी स्वतःच्या मुळावर असतं. वरचं लाकूड त्याच रात्री, तितकंच मेलं असतं. फरक एवढाच की खालून आलेले फुटवे फुजीचे असते. आणि ते पुढच्या हिवाळ्यात पुन्हा मेले असते. शेजाऱ्यांच्या आंबट चेरीला याचा फायदा झाला, कारण ती जात मुळात तिथे टिकणारी आहे, एखाद्याच भलत्या हिवाळ्यात जळते. न टिकणाऱ्या जातीला स्वतःचं मूळ दिलं म्हणून ती टिकत नाही.

वरच्या भागाची ताकद वरची जात ठरवते, याचा मोठा दाखला अमेरिकेत आहे. १९३३-३४ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्क आणि न्यू इंग्लंडमध्ये बाल्डविन नावाच्या सफरचंदाची झाडं अतोनात मेली. त्या काळी तिथे कलमं बियांच्या खुंटांवरच बांधत. खाली तसेच खुंट असलेली मॅकिंटॉशची झाडं त्याच मुलखात तगली.

मॅकिंटॉशचं नाव आलंच आहे तर मुलीला सांगा, हे तिच्या शेजारचं सफरचंद आहे. ओंटारियोत डंडेला म्हणून गाव आहे, ओटावाहून गाडीने फार लांब नाही. तिथे १८११ मध्ये जॉन मॅकिंटॉश नावाच्या शेतकऱ्याला रान साफ करताना काही रानटी सफरचंदाची रोपं मिळाली, त्यातलं एक हे. फळ सुंदर, पण बी पेरून तसं दुसरं झाड होईना. पुढे त्याच्या मुलाला कलम बांधायची विद्या मिळाली तेव्हा कुठे ते पसरलं. आज जगात जिथे म्हणून मॅकिंटॉश आहे ते त्या एका झाडाचं कलमच. बाप्पा, कलमाची जखम थंडी आत घेत असती तर कॅनडात ही जात उरलीच नसती.

खुंटाचा वरच्या भागावर काहीच परिणाम नाही असं मात्र नाही. खुंट झाडाला लवकर किंवा उशिरा झोपवतो, तेवढ्यापुरता फरक पडतो. लिंबूवर्गात हे ठळक दिसतं. नागपूरच्या संत्र्याला आपण जंबेरीचा खुंट वापरतो, तो जोमदार, झाडाला वाढतं ठेवणारा. जिथे हिमाची भीती आहे तिथे जंबेरीवरचं झाड जास्त जळतं. जपानात सात्सुमा संत्र्याला त्रिपर्णी नारिंगाचा खुंट देतात. तो स्वतः थंडीत पानं गाळून झोपतो आणि वरच्यालाही शांत करतो. सफरचंदात हा फरक त्यामानाने थोडा.

आता हनीक्रिस्प. ही जात मिनेसोटा विद्यापीठाची, १९९१ ची, थंडीसाठीच नावाजलेली. वरचं लाकूड हिवाळ्यातून धडधाकट बाहेर आलं, म्हणून तर कळे फुगले. खोडात साठवलेल्या अन्नावर पानं काढली, आणि पाणी मागितलं तेव्हा खाली मूळच नव्हतं. मूळ हा झाडाचा सगळ्यात थंडी-हळवा भाग. फांदी उणे ३५ सोसेल, पण एम-९ ची मुळं मातीचं तापमान उणे १० च्या आसपास गेलं की मरू लागतात. जमिनीत हे सहसा होत नाही, कारण माती हळू गार होते आणि वर बर्फाचं पांघरूण असतं. हात-दीड हात बर्फाखाली, वर हवा उणे २५ असली तरी माती शून्याच्या थोडीच खाली असते. बर्फ कमी पडला आणि थंडी कोरडी आली तर बागाईतदार घाबरतात, आमच्या सोलनकडे हेच. गॅलरीतल्या कुंडीला पांघरूण कुठलं? चारी बाजूंनी वारा. कुंडीतली माती आणि बाहेरची हवा एकच. हे झाड मेलं ते कुंडीमुळे. हनीक्रिस्प स्वतःच्या मुळावर असतं तरी त्या कुंडीत मला त्याची खात्री नव्हती.

खुंट निवडताना बघायचं ते हे. रशियातल्या मिचुरिन्स्कचा बड-९, अँटोनोव्हका जातीच्या बियांचे खुंट, आणि खुद्द ओटावाच्या सरकारी शेतावर झालेला ओटावा-३, हे मुळाच्या थंडीत एम-९ पेक्षा कणखर आहेत. अँटोनोव्हकावर झाड मात्र मोठं होतं आणि फळाला वाट बघायला लावतं.

खालच्या फुटव्यांबद्दल: उपटू नका. जिवंत मूळ आयतं बसलेलं आहे, आणि सासरे कलम बांधणारे आहेत. आणखी काय हवं?

---

कुळागरकार_सावईवेरे

बाय, देव बरें करूं. मी हे मुलीला फोनवर वाचून दाखवलं. कुंडीचं ऐकून जावई गप्प बसलाय, ते एक बरं झालं.

दोन शंका. एक, जोड कुठे ठेवायचा? आम्ही इथे आंब्या-काजूचा जोड नेहमी जमिनीच्या वर ठेवतो. मातीत गेला की पावसाळ्यात कुजतो, वाळवी लागते. तिथला शेजारी म्हणतो जोड पुरा. दुसरं, मी येत्या एप्रिलच्या शेवटी तिकडे जाणार आहे. बांधायला तर बांधीन, पण मला सवय जुलै-ऑगस्टातली, कोवळी लालसर पालवीची काडी, दमट हवा. तिथे झाड झोपलेलं असताना काय बांधणार?

---

सत्तरीतलो_शेतकार

सफरचंदाचं मला कळत नाही, बाठ्याच्या आंब्याबद्दल बाप्पा बोलले त्यावर लिहितो.

बाठ्याचं झाड टिकतं त्याचं कारण सोटमूळ. पिशवीतल्या कलमाचं सोटमूळ पिशवीच्या तळाशी गोल फिरतं, कधी काढताना तुटतं. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा माझ्या मोरडावरची पिशवीतून लावलेली काही कलमं मुळासकट आडवी झाली. जिथे मी आधी बाठे रुजवून जागेवरच कलम बांधलं होतं, ती झुकली पण उभी राहिली. म्हणजे कलम असणं वाईट नाही, मूळ कसं वाढलं ते बघा. काजूलाही हेच.

थंडीपुरतं म्हणाल तर आपल्या गोव्यात कलम आणि बाठा दोन्ही मजेत. वाळपयला पहाटे कुडकुडायला होतं, पण हिम पडत नाही. उत्तरेत लखनौकडे आंब्याच्या रोपांना हिवाळ्यात गवताची छपरी करतात, कारण शून्याखाली जरा गेलं की कोवळा आंबा जळतो, मग तो कलम असो की बाठ्याचा.

---

मडगाव_ते_विनिपेग

काका, मी मूळची मडगावची, आता विनिपेगला. आमच्याकडे ओटावाहून जास्त थंडी, उणे ३५ चे दिवस दर हिवाळ्यात येतात. भाचीताईंनी शास्त्र सांगितलं, मी माझं परस सांगते.

माझ्याकडे सफरचंद कलमीच आहे, गुडलँड जातीचं. मजेत आहे. आणि आंबट चेरी स्वतःच्या मुळावरची. सस्कॅचेवान विद्यापीठाने थंड मुलखासाठी झुडपासारख्या वाढणाऱ्या आंबट चेरी तयार केल्या, त्यातली कार्मिन ज्युएल १९९९ ची, रोमियो आणि ज्युलिएट २००४ च्या. या कलम न करता ऊतीसंवर्धनाने वाढवतात, म्हणून बुंध्यापासून जे फुटवे येतात ते सगळे त्याच चेरीचे. एका वर्षी सशांनी माझं झुडूप बर्फाच्या पातळीपर्यंत कुरतडून ठेवलं. खालून पुन्हा उठलं, आणि फळ तेच. कलमी चेरी असती आणि जोडाच्या खालपर्यंत गेली असती तर खुंटाची रानटी चेरी हातात राहिली असती. शेजारी आजोबा म्हणतात ते इथे लागू आहे. झुडपाला आणि ज्याला कलमाची गरजच नाही अशा फळाला स्वतःचं मूळ घ्यावं. अंजीर, द्राक्ष, करंट नि हास्कॅप ही इकडची बेरीची झुडपं, सगळी याच गटातली. सफरचंदाची काडी मुळं धरायला कंटाळा करते आणि धरलीच तर झाड अवाढव्य होतं, म्हणून रोपवाटिका त्या भानगडीत पडत नाहीत.

जावयाला ससे आणि उंदीर यांच्याबद्दल सांगा. इथे थंडीने जितकी कोवळी झाडं मरतात त्याहून जास्त बर्फाखाली साल कुरतडल्याने जातात असं माझं परसापुरतं निरीक्षण आहे. खोडाभोवती बारीक जाळी, पहिला बर्फ पडायच्या आत. आणि जाळी उंच हवी, कारण बर्फ साचला की ससा त्यावर उभा राहून वरची साल खातो!

आंबट चेरीचं काय करायचं हा प्रश्न पडला तर मी सासव करते. नारळ, मोहरी, गूळ, सुकी मिरची. आंबाड्याच्या सासवाची आठवण येते आणि ती भागतेही. घरच्या कॅनेडियन माणसाने पहिल्यांदा तोंड वाकडं केलं, आता मागून घेतो.

---

बांदोड्याची_भाची

विनिपेगताई, सासवाची कृती वेगळ्या धाग्यावर टाका, इथे ती हरवेल. सशांचं सोळा आणे खरं.

काका, जोडाबद्दल. शेजारी चूक नाहीत आणि तुम्हीही नाही. थंड मुलखात काही लोक बियांच्या खुंटावरचं कलम मुद्दाम चार बोटं खोल लावतात. हेतू दोन: जोड बर्फाखाली आणि मातीखाली सुरक्षित राहतो, आणि वरच्या जातीला हळूहळू स्वतःची मुळं फुटतात. मग कधी वरचा भाग मेला तरी खालून त्याच जातीचा फुटवा येण्याची शक्यता राहते. म्हणजे कलमाचंच काही वर्षांनी स्वतःच्या मुळावरचं झाड होतं. पण ठेंगण्या खुंटावर हे करू नये. वरच्या जातीला मुळं आली की खुंटाचा लगाम सुटतो आणि जावयाचं ठेंगणं झाड छपरापर्यंत जातं. तिथे जोड जमिनीच्या चार बोटं वरच ठेवायचा. शिवाय खोल लावायचं तर माती निचऱ्याची हवी. पाणी साचणाऱ्या चिकणमातीत जोड पुरला तर तुमच्या इथल्यासारखाच कुजेल.

एक गोष्ट तुम्हाला सांगायला मजा वाटेल. कुळागरात नैर्ऋत्येच्या बाजूच्या पोफळींना दुपारचं तिरपं ऊन लागून खोड भाजतं, म्हणून आपण त्या अंगाला झावळ्या बांधतो. ओटावात सफरचंदाच्या खोडाची हीच नैर्ऋत्येची बाजू फुटते, फक्त ती भर हिवाळ्यात. फेब्रुवारीतलं दुपारचं ऊन बर्फावरून परावर्तित होऊन साल तापवतं, पेशी जाग्या होतात, सूर्य खाली गेला की तासाभरात पारा कोसळतो आणि साल मरते. तिकडे खोडाला पांढरा रंग देतात किंवा पांढरं आवरण गुंडाळतात. जावई हे विसरेल, तुम्ही विसरणार नाही. हे कलमाला आणि स्वतःच्या मुळावरच्या झाडाला सारखंच लागतं.

आता बांधणं. आपण वाढत्या काडीवर बांधतो, ते झोपलेल्या काडीवर बांधतात. खुंट जागा व्हायला लागलेला आणि काडी अजून झोपेत, असा मेळ घालायचा. मुलीने फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या सुरुवातीला, कळे फुगायच्या आत, गेल्या वर्षीच्या वाढीच्या पेन्सिलएवढ्या जाड काड्या कापून ठेवायच्या. शेजारी आजोबांकडे मॅकिंटॉश किंवा हनीक्रिस्प असेल तर त्यांचीच मागा, त्यांच्या बागेत टिकली आहे हीच सगळ्यात मोठी पावती. ओलसर कागदात गुंडाळून, पिशवीत बांधून फ्रिजमध्ये. त्याच कप्प्यात सफरचंद किंवा केळी ठेवू नका, पिकणाऱ्या फळातून निघणाऱ्या वायूने कळे खराब होतात. जातीचं नाव लिहून ठेवायला सांगा.

तुम्ही पोचाल तेव्हा फुटव्यांपैकी जोरकस एक ठेवा, दुसरा काढा. ठेवलेल्यावर दोन कळे फुगायला लागले की जीभ कलम करा. खुंटाला आणि काडीला सारखा तिरका काप, त्यात एकेक जीभ, एकमेकांत अडकवायची. साल सालीला एका बाजूने तरी नेमकी भिडली पाहिजे, ते तुम्हाला शिकवायची गरज नाही. हवा कोरडी असते म्हणून पट्टी घट्ट आणि काडीच्या शेंड्याला मेण. इथे आपण काडीला प्लास्टिकची टोपी घालतो, तिथे ते काम मेण करतं. एकच फरक अंगवळणी पडायला वेळ लागेल: आंब्याला तीन आठवड्यांत कळतं लागलं की नाही, तिथे गार हवेत महिना-दीड महिना काडी नुसती बसून राहते. उकरून बघू नका.

एक मात्र आधी बघा. ते फुटवे खरोखर जोडाच्या खालूनच आहेत ना? कधी जोडाच्या अगदी वर, मातीलगत, बर्फाच्या आड फुजीचे एक-दोन कळे जगतात. फोटो टाका.

---

कुळागरकार_सावईवेरे

मुलीने फोटो पाठवला, इथे जोडतोय. जोडाची गाठ स्पष्ट दिसते आणि फुटवे तिच्या वीतभर खालून आहेत. पानंही फुजीच्या जुन्या फोटोतल्यापेक्षा बारीक आणि कडेला जास्त दातेरी.

शेजारी आजोबांकडे मॅकिंटॉश आहे. मुलीने काड्या मागितल्या तेव्हा ते म्हणाले, कलम बांधायला गोव्याहून माणूस येतोय तर मलाही एक बांधून द्या. कलमी झाड घेऊ नका म्हणणारे तेच हे. जावई विचारतोय की एकाच फुटव्यावर खाली मॅकिंटॉश आणि वर हनीक्रिस्प असं दोन्ही बांधता येईल का.

---

बांदोड्याची_भाची

येईल, पण पहिल्या वर्षी नको. एक बांधा, ते दोन उन्हाळे वाढू दे, मग बाजूच्या फांदीवर दुसरं. आणि खालचं खोड मॅकिंटॉशचंच राहू दे. पट्टी आणि धारेची सुरी इथून न्या, सुरी मात्र मोठ्या सामानात टाका, हातातल्या पिशवीत नको. दाबोळीला असो की मोपाला, काढून घेतील.